औद्योगिक पट्ट्यातलं पाणथळ पक्षी राखीव क्षेत्र (खानदेश)

वीज केंद्र, एमआयडीसी, कारखाने यांच्या आसपास एखाद्या धरणाच्या नाहीतर तलावाच्या उथळ पाण्यावर पक्षी उतरत असतील, तर ती जागा त्यांच्यासाठी राखायची आणि तिथलं पाणी, गाळ, काठाची झाडी नीट सांभाळायची, एवढाच याचा साधा अर्थ. बरेच जण यात कमान, मनोरा आणि सेल्फी पॉइंट धरतात, पण पक्ष्यांना त्याचं काही पडलेलं नसतं, त्यांना पाणी किती खोल आहे आणि कुत्री बेटापर्यंत पोचतात का एवढंच बघायचं असतं.

खानदेशात हा विषय निघाला की पहिलं नाव हतनूरचं येतं. भुसावळ तालुक्यातलं तापीवरचं हे धरण १९८२ ला झालं, ४१ दरवाजे, आणि त्याच्या थोडं वर चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, त्यामुळे बॅकवॉटर पार मुक्ताईनगरच्या बाजूला पसरलेलं. इथलं पाणी शेतीला तर जातंच, पण दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र, भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणी, रेल्वे हे सगळे याच पाण्यावर आहेत. म्हणजे एका बाजूला दीपनगरच्या चिमण्या (धुराच्या बरं का) आणि दुसऱ्या बाजूला हिवाळ्यात हिमालयापलीकडून आलेले पट्टकदंब, चक्रवाक, तलवार बदक, थापट्या, लालसरी. देशातल्या महत्त्वाच्या पक्षी क्षेत्रांच्या यादीत हतनूर आहे, आणि भुसावळ-जळगावात राहून ते माहीत नसलेली माणसं भरपूर सापडतील.

पक्षी इथे का जमतात, तर गाळामुळे. पूर्णा वऱ्हाडातल्या काळ्या मातीतून येते आणि पावसाळ्यात अक्षरशः चहासारखी होऊन येते, ती माती धरणात बसते. पाटबंधारेवाल्यांसाठी आणि शेतकऱ्यांसाठी गाळ म्हणजे डोकेदुखी, साठा कमी होतो ना, आणि त्यांचं चूक नाहीच. पण त्याच गाळाने उथळ पाणी, दलदल, पाणवनस्पती आणि मधली बेटं तयार होतात. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरचंही तसंच झालं, गोदावरी-कादवाच्या संगमाजवळ बंधारा घातला, मागे गाळ साचत गेला, दलदल झाली, पक्षी आले, १९८६ ला अभयारण्य झालं आणि २०२० ला महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ (पाणथळींसाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर कराराच्या यादीतली जागा) म्हणून जाहीर झालं. तेव्हा राखीव क्षेत्राच्या आराखड्यात गाळ कुठला काढायचा आणि कुठला तसाच ठेवायचा हे आधी ठरायला पाहिजे, सरसकट पोकलेन लावला की संपलं.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पाण्याची पातळी. शेकाट्या, तुतारी असले चिखलपक्षी घोट्याएवढ्या पाण्यात आणि ओल्या चिखलात चरतात, तलवार बदक आणि थापट्याला फूट-सव्वा फूट पाणी पुरतं कारण ती बुडी न मारता मान घालून खातात, लालसरी मात्र बुडी मारणारी, तिला खोल पाणी लागतं. म्हणजे काठ उतरता हवा, चारही बाजूंनी दगडी पिचिंग (काठाला दगडांचं अस्तर) करून टाकलं तर तलाव फोटोत झकास दिसतो आणि चिखलपक्षी जातात. नदी सुरय आणि छोटा आर्ली तर उघड्या रेतीवरच अंडी घालतात, उन्हाच्या तोंडाला, अंडी इतकी मातीच्या रंगाची की पाय पडेपर्यंत कळत नाही. नेमकं तेव्हाच आवर्तनं (धरणातून पाणी सोडायच्या पाळ्या) सुरू असतात. पाणी पटकन उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री, गुरं आत शिरतात, आणि मध्येच वरून पाणी वाढलं तर अंडी बुडतात. त्यामुळे दरवाजे सांभाळणारा विभाग आणि वनविभाग एका टेबलावर बसल्याशिवाय बाकी सगळं वरवरचं आहे.

कायद्याचा गुंता वेगळाच. रामसर कराराच्या व्याख्येत माणसाने केलेली पाणथळही बसते, पण आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळलेत. म्हणजे खानदेशातली बहुतेक चांगली पक्ष्यांची पाणी तिथेच बाहेर पडतात. मग उरतो वन्यजीव कायदा. अभयारण्य केलं तर निर्बंध कडक, धुळे जिल्ह्यातल्या अनेर धरणाच्या परिसराला तो दर्जा आहे, पण कारखाने आणि गावं भरलेल्या पट्ट्यात सोपा मार्ग म्हणजे संवर्धन राखीव, ही सोय २००२ च्या दुरुस्तीने आली. ती सरकारी जमिनीवर होते, लोकांचे हक्क जात नाहीत आणि सल्ला देणाऱ्या समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. खासगी किंवा गावकीच्या जमिनीसाठी तसंच समुदाय राखीव आहे.

कारखान्यांकडून येणारा त्रास म्हटलं की सगळे फक्त सांडपाणी धरतात. ते आहेच, नाल्यातून येणारं पाणी ईटीपीतून (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेतून) गेलंय का हे सतत तपासावं लागतं, कारण घाण पाण्यात प्राणवायू संपला की मासे मरतात आणि कुजक्या चिखलात बोट्युलिझम या पक्ष्यांना लुळं पाडणाऱ्या रोगाचे जंतू वाढू शकतात. २०१९ ला राजस्थानात सांभर तलावावर याच रोगाने हजारो पक्षी मेले. शिवाय कोळशाची राख कोरडी पडली की वाऱ्याने उडते, ती ओली ठेवावी लागते. आणि विजेच्या तारा, पहाटेच्या धुक्यात जड पक्ष्यांना त्या दिसत नाहीत, म्हणून तारांवर चमकत्या चकत्या लावतात, खर्चाच्या मानाने याचा फायदा मोठा. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर काठावरच्या बेशरमच्या झुडपांत जे अडकलेलं दिसतं ते कारखान्याचं कमी आणि आपलं जास्त, केळीच्या घडाला घालायच्या निळ्या पिशव्या, ठिबकच्या फाटक्या नळ्या आणि औषधांच्या रिकाम्या बाटल्या.

शेवटी माणसांचा हिशोब. पाणी उतरलं की मोकळ्या पडलेल्या गाळपेर जमिनीत टरबूज, काकडी होते, भोई लोकांची जाळी पाण्यात असतात, आणि यांना हाकलून केलेलं राखीव क्षेत्र टिकत नाही. जमेल तसं वाटून घ्यावं लागतं, म्हणजे विणीचं बेट तेवढं सोडायचं, बारीक जाळी नाही, थंडीत मोठ्या थव्याच्या जागेजवळ डोंगा न्यायचा नाही. पक्षी कुठे बसतो ते डोंगेवाल्याला कुठल्याही दुर्बिणीवाल्यापेक्षा आधी माहीत असतं, त्यालाच गाइड केलं तर तो राखणदारही होतो. आणि थंडीतल्या भरीत पार्ट्या, पऱ्हाट्यांवर वांगी भाजा, काही हरकत नाही, फक्त काठापासून लांब आणि तो स्पीकर घरी ठेवून.