कॉलेजात कोण किती रुळलं, हे मोजायचं कसं?

अमेरिकेत विज्ञान शाखा निवडलेले कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि नेटिव्ह अमेरिकन विद्यार्थी पदवीपर्यंत त्याच शाखेत टिकण्याचं प्रमाण गोऱ्या आणि आशियाई वंशाच्या विद्यार्थ्यांच्या तुलनेत कमी आहे. गुण हे त्याचं एकमेव कारण नाही, कारण उत्तम गुण असलेलेही शाखा सोडतात. म्हणून पहिल्या वर्षीच विचारलं जातं, ही मुलं इथे रुळली का?

या मोजणीचा पाया अमेरिकी शिक्षण-संशोधक व्हिन्सेंट टिंटो यांनी 1975 मध्ये घातला. अभ्यासात रुळणं वेगळं आणि माणसांत रुळणं वेगळं, आणि दोन्हींचा गळतीशी संबंध असतो, अशी त्यांची मांडणी. 1980 मध्ये पास्कारेला आणि टेरेन्झिनी यांनी त्यावरून प्रश्नावली बेतली. तिच्यात विधानांचे पाच गट होते: मित्रांशी संबंध, प्राध्यापकांशी संपर्क, प्राध्यापकांची आस्था, बौद्धिक प्रगती आणि पदवीचा निर्धार. प्रत्येक विधानाला ‘अजिबात पटत नाही’पासून ‘पूर्ण पटतं’पर्यंत गुण द्यायचे. आजही बऱ्याच प्रश्नावल्यांचा सांगाडा हाच असतो.

या मांडणीवर 1992 मध्ये विल्यम टिअर्नी यांनी बोट ठेवलं. नेटिव्ह अमेरिकन विद्यार्थ्यांचा दाखला देत त्यांनी विचारलं, आपली माणसं आणि रीतीभाती मागे टाकल्या म्हणजेच रुळलं असं का धरायचं? आक्षेप रास्त होता. दर शनिवार-रविवार घरी जाणारी मुलगी जुन्या पट्टीवर ‘कमी रुळलेली’ दिसते, पण घरचा आधार हेच तिच्या टिकण्याचं कारण असू शकतं. 1997 मध्ये हुर्ताडो आणि कार्टर यांनी लॅटिनो विद्यार्थ्यांना त्यांचा वावर कुठे असतो ते विचारलं आणि ‘मी या कॅम्पसचा भाग आहे असं वाटतं का’ हे वेगळं विचारलं. वावर आणि आपलेपणा या दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबू नयेत, हा त्यातला मोठा धडा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आणखी एक थर लागतो. कॅम्पसवर मजेत असलेला मुलगा प्रयोगशाळेत परका असू शकतो. मिका एस्ट्राडा आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या: हे काम मला जमेल हा विश्वास, मी वैज्ञानिक आहे ही ओळख, आणि विज्ञानाची मूल्यं आपली वाटणं. एकटा पाहिला तर आत्मविश्वास महत्त्वाचा ठरत होता. तिन्ही एकत्र घेतल्यावर मात्र विज्ञानात टिकण्याचा अंदाज ओळख आणि मूल्यांवरूनच लागला. नुसत्या शिकवणी वर्गांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आता प्रत्यक्ष काम. एका गुणधर्मासाठी एकच प्रश्न ठेवू नये. चार-पाच तरी हवेत. प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हे क्रॉनबाखच्या अल्फाने तपासतात आणि साधारण 0.7 च्या वरचा आकडा चालवून घेतात. पण अल्फावर भाळू नये. प्रश्नांमधला सरासरी सहसंबंध 0.3 असेल तर पाच प्रश्नांचा अल्फा 0.68 येतो आणि तशाच दहा प्रश्नांचा 0.81. म्हणजे तेच ते फिरवून विचारलं तरी अल्फा फुगतो. मोजलं काय, ते तो सांगत नाही. वंश, लिंग, घरातली पदवी घेणारी पहिली पिढी वगैरे प्रश्न शेवटी ठेवावेत. सुरुवातीलाच विचारले तर पुढच्या उत्तरांवर त्यांची छाया पडू शकते.

सगळ्यात मोठी फसगत गळतीची. समजा, सप्टेंबरमध्ये 30 जणांची आपलेपणाची सरासरी पाचपैकी 3.4 आली. वसंत सत्रात 18 जणच उरले. गेलेल्या 12 जणांची पहिली सरासरी 2.8 होती. उरलेल्यांपैकी एकाचंही उत्तर तसूभर बदललं नाही, तरी नवी सरासरी 3.8 येते. अहवालात लिहिलं जाईल, ‘आपलेपणा वाढला’. प्रत्यक्षात एकटे पडलेले निघून गेले, एवढंच. यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला सांकेतिक क्रमांक देऊन त्याच व्यक्तीची दोन्ही उत्तरं जोडणं. पूर्ण निनावी अर्जात हे साधत नाही. उत्तरं गोपनीय राहतील, पण जोडता येतील, असं आधीच स्पष्ट सांगून संमती घ्यावी लागते. दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्याला ‘गळाला’ म्हणणंही चूक. तो नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊस या, अमेरिकेतल्या कॉलेजांची प्रवेश-नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या नोंदींत सापडू शकतो.

गट लहान असणं ही कायमची अडचण. 18 उत्तरं आणि 0.8 प्रमाण विचलन (उत्तरं किती विखुरली आहेत त्याचं माप) असेल तर सरासरीभोवतीचा 95 टक्क्यांचा पट्टा, म्हणजे खरी सरासरी जिथे असण्याची दाट शक्यता आहे तो टप्पा, दोन्ही बाजूंना साधारण 0.4 चा होतो. दोन विभागांत 0.2 चा फरक दिसला म्हणून कोणाचं कौतुक किंवा कानउघाडणी करायचं कारण नाही. पाच-सहा जणांचे आकडे तर छापूच नयेत, कोण काय म्हणालं ते लगेच ओळखू येतं. गटांची तुलना करण्याआधी एक तपासणी अटळ आहे: प्रश्नाचा अर्थ दोन्ही गट सारखाच घेतात का? ‘प्राध्यापकांना भेटायला संकोच वाटत नाही’ या विधानाला नकार देण्यामागे एकाचा आदर असेल, तर दुसऱ्याची भीती.

प्रश्नावलीबाहेरही पाहावं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात गणिताचे अध्यापक युरी ट्राइसमन यांनी 1970 च्या दशकात कॅल्क्युलसचे कृष्णवर्णीय आणि चिनी-अमेरिकन विद्यार्थी अभ्यास कसा करतात, ते जवळून पाहिलं. कृष्णवर्णीय विद्यार्थी मेहनती होते, पण बहुतेक एकेकटे अभ्यास करत; चिनी-अमेरिकन विद्यार्थी गटात बसून एकमेकांच्या चुका काढत. ‘मित्र आहेत का?’ याला दोघांनीही हो म्हटलं असतं. म्हणून ‘मागच्या आठवड्यात गणितं कोणाबरोबर सोडवलीत?’ असं विचारावं. अडचण आली तर कोणाकडे जाता, हेही.

आणि एक रकाना विद्यार्थ्याचा नसून विभागाचा असावा. संशोधनाच्या जागा किती, त्या जाहीर होतात की ओळखीने भरतात, आणि अर्ज केलेल्यांपैकी कोणाला मिळाल्या. ही माहिती विभागाच्या दप्तरातच असते. ती गोळा करायला एकाही विद्यार्थ्याला अर्ज भरायला लावावा लागत नाही.