दोन वर्षे की दहा वर्षे? दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यामागचा इतिहास

फेब्रुवारी २०२४ मधल्या एका मध्यरात्रीनंतर नागपूरच्या रामझुला या रेल्वेवरच्या पुलावर मर्सिडीजची दुचाकीला धडक बसली आणि दोन तरुण मित्र गेले. गुन्हा आधी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली नोंदला गेला. ते कलम जामीनपात्र, म्हणजे जामीन हा आरोपीचा हक्कच. सदोष मनुष्यवधाचे कलम ३०४ मागाहून लागले, अटकपूर्व जामिनासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत धाव गेली, आणि पुढे तपास सीआयडीकडे आला. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यामुळे त्याच्या खरेखोटेपणाबद्दल इथे बोलत नाही. पण त्या दिवसांत सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत जो तो एकच विचारत होता: दोन जीव गेले, तरी लगेच जामीन कसा?

याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका दुरुस्तीत आहे. दंड संहिता १८६० साली झाली, तेव्हा निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूसाठी तिच्यात वेगळे कलमच नव्हते. मेकॉलेच्या मसुद्यात ते होते, अंतिम कायद्यातून गळले. १८७० साली ते ३०४-अ म्हणून परत आले. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे. रस्त्यावर तेव्हा टांगे, बग्ग्या आणि छकडे होते. मोटार जन्मालाही आली नव्हती. बेदरकारपणे वाहन हाकण्याचे कलम २७९ मूळ संहितेतलेच: सहा महिने कैद, हजार रुपये दंड. १८६० चे हजार रुपये म्हणजे मोठी रक्कम होती. आज दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ मध्येही दंडाचा आकडा तोच आहे, हजार. मला ही गोष्ट फार खटकते.

दारूचा वेगळा विचार मोटार कायद्यांनी केला. १९३९ च्या कायद्यात गुन्हा ठरायला गाडीवर ताबा राहणार नाही इतकी नशा लागायची, आणि ती किती हे ठरवायचे पोलिसाने नाहीतर डॉक्टरने, चालण्या-बोलण्यावरून. १९८८ च्या कायद्याने दुसरे टोक गाठले: रक्तात अल्कोहोल कितीही थोडे असले तरी गुन्हा. १९९४ च्या दुरुस्तीने आजची मर्यादा आली, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. महाराष्ट्रात याआधीच रक्तचाचणीची एक वाट पडलेली होती, ती १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची. तिथे मोजमाप ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. पिणे आणि पिऊन गाडी चालवणे हे दोन वेगळे गुन्हे आहेत, त्यांची मापेही वेगळी आहेत.

१ सप्टेंबर २०१९ पासून पिऊन गाडी चालवण्याचा, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ चा दंड दोन हजारांवरून दहा हजारांवर गेला. सहा महिन्यांपर्यंतची कैद कायम राहिली. दुसऱ्यांदा सापडल्यास पंधरा हजार आणि दोन वर्षांपर्यंत कैद. हा गुन्हा चौकात चलान भरून मिटत नाही, न्यायालयातच जावे लागते. परवानाही जाऊ शकतो.

खरी मेख मात्र रक्ताच्या नमुन्यात आहे. नाकाबंदीत सापडला तर यंत्रात फुंकर मारायला लावतात. अपघातानंतर मात्र मेयो किंवा मेडिकल या सरकारी रुग्णालयांत न्यावे लागते. कायदा म्हणतो, अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी, नाहीतर आरोपीला सोडावे लागते. शरीर दर तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे साधारण १५ मिलिग्रॅम अल्कोहोल पचवून टाकते. म्हणजे सहा तासांचा उशीर झाला तर ९० मिलिग्रॅम, मर्यादेच्या तिप्पट पुरावा, आपोआप नाहीसा होतो. सुई टोचण्याची जागा स्पिरिटने, म्हणजे अल्कोहोलनेच, पुसली की बचावाचा वकील तेच धरून बसतो. कुपीत रक्त टिकवणारे सोडियम फ्लोराइड नसेल तर रक्त आंबून अल्कोहोल आतच तयार झाले, असा युक्तिवाद होतो. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर प्रकरणात तर रुग्णालयात नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. रामझुल्याचे एक टोक मेयोजवळ उतरते. अंतर हा प्रश्न नसतो. नेणारा कधी नेतो, हा असतो.

नुसती हयगय आणि सदोष मनुष्यवध यांच्यात फरक आहे तो जाणिवेचा. आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो हे चालकाला ठाऊक होते का? होते असे सिद्ध झाले तर ३०४ च्या दुसऱ्या भागाखाली दहा वर्षांपर्यंत शिक्षा. ही रेघ न्यायालयांनी हळूहळू ओढली. नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर फुटपाथवर झोपलेले सात मजूर गाडीखाली मेले. सत्र न्यायालयाने सहा महिने दिले, उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून तीन वर्षे, आणि जानेवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीन वर्षे कायम केली. तीच गाडी, तेच सात मृत्यू, तोच पुरावा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या १९९९ च्या बीएमडब्ल्यू प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने ३०४ चा दुसरा भाग लागू केला. तिथे सहा माणसे गेली होती. निकालाला तेरा वर्षे लागली, हे मृतांच्या घरच्यांच्या बाजूने मोजून पाहावे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने मृत्यू आता कलम १०६(१) मध्ये, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. धडक देऊन न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षे सांगणारे १०६(२) मात्र अमलात आलेले नाही. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत ट्रकचालकांनी चाके थांबवली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. तेव्हा सरकारने ते कलम लांबणीवर टाकले. चालकांची जमावाच्या मारहाणीची भीती खोटी नव्हती. पण रस्त्यावर पडलेल्याचा पहिला तास त्या भीतीत संपतो, हेही तितकेच खरे.

विम्याचा भाग थोडक्यात: दारू पिऊन चालवली म्हणून जखमींची किंवा मृतांच्या वारसांची भरपाई थांबत नाही, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. चालक अल्पवयीन असेल तर २०१९ पासून पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही.

१०६(१) हेही जामीनपात्रच आहे. फिर्यादीतले वाक्यही जुनेच चालू आहे: ‘आपल्या ताब्यातील वाहन हयगयीने व निष्काळजीपणे भरधाव चालवून’. १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, पहिल्या रात्रीच लागते की महिन्यांनी, हे ठरते पोलीस ठाण्यात. म्हणून मृताच्या घरच्यांनी त्या रात्री रडता रडताही ठाणे अंमलदाराला दोन गोष्टी विचारून ठेवाव्यात: कलम कोणते लावले, आणि रक्त किती वाजता काढले.