ग्रूमिंगचा स्मरणमेल

पाळीव कुत्र्यामांजरांची आंघोळ, केसकापणी, नखे आणि कान यांची निगा राखणारे दुकान ठरलेली मुदत भरत आली, की जुन्या गिऱ्हाइकाला परत बोलावण्यासाठी जो ईमेल पाठवते, त्याला स्मरणमेल म्हणतात. जाहिरातीचा मेल सगळ्यांना सारखाच जातो. स्मरणमेल मात्र एका जनावराच्या नावाने आणि त्याच्या मागच्या भेटीची तारीख धरून निघतो. त्याचे सगळे बळ या तारखेत आहे. मजकूर कितीही गोड लिहिला आणि तारीख चुकली, तर तो वाया जातो. दोन ओळींचा रुक्ष मेल वेळेवर पोचला तर कुत्रे दुकानात येते.

विदर्भात तालुक्याच्या गावी या कामाला लोक सरळ ‘कुत्र्याची कटिंग’ म्हणतात. दुकान बहुधा एका खोलीचे असते आणि गिऱ्हाईक दोन प्रकारचे. एक प्रकार मेल रोज उघडणाऱ्यांचा: शिक्षक, बँकेचे अधिकारी, वनखात्यातले लोक, वेकोलिच्या (कोळसा खाणी चालवणाऱ्या सरकारी कंपनीच्या) वसाहतींतले आणि औष्णिक वीज केंद्रांतले कर्मचारी. दुसरा प्रकार असा, की मेल आयडी आहे, पण तो सेतू केंद्रावर कुठल्याशा फॉर्मसाठी काढलेला, आणि पासवर्ड भाच्याला ठाऊक. म्हणून वहीत नाव घेताना ‘मेल आयडी आहे का?’ असे विचारू नये, ‘मेल पाहता का?’ असे विचारावे. ‘नाही’ म्हणणाऱ्याला फोन किंवा व्हॉट्सॲप. त्याच्यावर मेल लादण्यात अर्थ नाही. व्हॉट्सॲप बिझनेसची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची असते आणि ज्यांनी दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये जतन केला आहे त्यांनाच संदेश पोचतो, एवढे मात्र ध्यानात ठेवावे लागते. एसएमएस मराठीत लिहिला की एका संदेशात १६० ऐवजी ७० अक्षरेच मावतात, शिवाय व्यावसायिक एसएमएससाठी डीएलटी, म्हणजे पाठवणाऱ्याची आणि मजकुराची मोबाईल कंपनीकडे आधी करायची नोंदणी लागते. मग ‘मेल पाहतो’ म्हणणाऱ्यांसाठी मेल हाच स्वस्त आणि निवांत मार्ग उरतो.

वही आणि मुदत

नोंदवहीत किंवा गुगल शीटमध्ये आठ रकाने पुरतात: मालकाचे नाव, हाक मारण्याची रीत (सर, मॅडम, भाऊ, ताई, गुरुजी), मेल, फोन, जनावराचे नाव, केसांचा प्रकार, मागील भेट, शेरा. शेऱ्याचा रकाना सगळ्यांत मोलाचा. ‘ड्रायरला घाबरतो’, ‘डावा कान लाल’, ‘शेपटीजवळ जटा’ अशा तीन-चार शब्दांवरच पुढचा मेल उभा राहतो.

मुदत जातीपेक्षा केसांवरून ठरवावी. शित्झू, ल्हासा यांचे केस सतत वाढतात. त्यांना ४ ते ६ आठवडे. पॉमेरियन आणि पर्शियन मांजर ६ ते ८ आठवडे. लॅब्रेडोर आणि जर्मन शेफर्ड यांना आंघोळ आणि विंचरणी ६ ते ८ आठवड्यांनी. घरात फरशीवर राहणाऱ्या कुत्र्याची नखे ३ ते ४ आठवड्यांत वाढतात. शेतात राखणीला असलेल्या गावठी कुत्र्याची नखे जमिनीवर आपोआप झिजतात, पण पुढच्या पायाचे अंगठ्याचे नख जमिनीला टेकत नाही. ते गोल वळून कातडीत घुसते. मालकाला वाटते कुत्रे काट्याने लंगडते आहे. असे एक नख वेळेवर दाखवून दिले, तर एरवी दुकानाची पायरी न चढणारा शेतकरीही कायमचा जोडला जातो.

मुदत ६ आठवडे, म्हणजे ४२ दिवस असेल तर मेल ३५व्या दिवशी जायला हवा. शीटमध्ये मागील भेटीच्या तारखेत ३५ मिळवणारे सूत्र टाकले की मेलची तारीख आपोआप येते. समजा मेल पाहणारी १२० गिऱ्हाइके आहेत. मग आठवड्याला २० मेल, दिवसाला जेमतेम तीन. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांना मेल जाऊ शकतो. तेव्हा एवढ्या कामाला पैसे देऊन कुठली सेवा घेण्याची गरज नाही. तीन पत्रे तर माणूस चहा होईस्तोवर लिहितो.

कुत्रे दुकानातून निघाले की त्याच घटकेला पुढचा मेल ‘शेड्यूल’ करून ठेवावा, असा मोह होतो. त्यात खोच आहे. जीमेल एका वेळी १०० मेलच असे थांबवून ठेवते, आणि १२० कुत्र्यांच्या हिशेबाने ३५ दिवसांत थांबलेले मेल नेमके शंभरावर पोचतात. शिवाय मधल्या काळात कुत्रे आधीच येऊन गेले, कुणाला देऊन टाकले किंवा मेले, तरी तो मेल आपल्या वेळेला निघतोच. दर रविवारी रात्री फक्त पुढच्या आठवड्याचे २० मेल शेड्यूल करणे बरे. तेवढ्या नावांवरून एकदा नजर फिरते.

ऋतूचा हिशेब

मुदत बारमाही सारखी धरली तर विदर्भात ती चुकते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि एप्रिल लागला की लोक लॅब्रेडोर, पॉमेरियन घेऊन येतात आणि ‘पूर्ण टक्कल करा’ म्हणतात. दुहेरी केसांच्या (आत मऊ, वर राठ असे दोन थर असलेल्या) कुत्र्याला हे घातक आहे: वरचा थर उन्हापासून कातडी वाचवतो आणि मुंडणानंतर केस पुष्कळदा विस्कळीत, ठिगळासारखे येतात. मालकाला ही गोष्ट दुकानात, कुत्रे टेबलावर असताना पटत नाही. मार्चच्या मेलमध्ये तीन ओळींत लिहिली तर तो घरी वाचतो आणि वाद वाचतो. मेअखेरच्या नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सकाळी १०च्या आतल्या वेळाच द्याव्यात. पगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्याला भरदुपारी मोटरसायकलवर आणायला लावणे म्हणजे उष्माघाताला आवतन.

पावसाळ्यात काळी माती बोटांच्या मधल्या केसांत गोळे होऊन सुकते आणि कुत्रे पाय चाटत बसते. लोंबत्या कानांत ओल राहून वास सुटतो. गोचीड याच काळात उच्छाद मांडतो, आणि कुत्र्यांत एर्लिकिया व बॅबेसिया हे ताप गोचिडामुळेच पसरतात. मेलमध्ये ‘कानामागे, बोटांत, शेपटीखाली बघा’ असे लिहावे. औषधाचे नाव मात्र लिहू नये, ते पशुवैद्यकाचे काम. कुत्र्याचे परमेथ्रीन असलेले औषध मांजराला लावले की ते जिवावर बेतते, आणि घरात दोन्ही जनावरे असणारे मालक पुष्कळ असतात.

पाऊस ओसरला की गवताला कुसळे येतात. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा सगळा काळ कुसळांचा. कुसळाचे टोक आत शिरते आणि उलट्या काट्यांमुळे मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात, कानात, कधी डोळ्यात. या काळात मुदत ६ आठवड्यांवरून ४ वर आणावी आणि कारण मेलमध्ये लिहावे. कारण दिले की गिऱ्हाइकाला ती धंद्याची युक्ती वाटत नाही.

शेतकरी गिऱ्हाइकाचा हंगाम वेगळाच. पूर्वेकडे धानाच्या रोवणीत आणि पश्चिमेकडे सोयाबीन काढणीत त्याला आठवण करून काही उपयोग नाही. पोळा आणि तान्हा पोळा या दोन दिवसांत तर वेळ देऊच नये. गावाकडल्यांना तालुक्याच्या आठवडी बाजाराचा वार द्यावा. माणूस तसाही येणारच असतो. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, तेव्हा त्यांना शनिवार सोयीचा. शाळा शनिवारी सकाळची असेल तर शिक्षकांना शनिवारी दुपार. बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार. महावितरणने देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार जाहीर केला असेल, तर तो वार कुणालाच देऊ नये. सुमारे २००० वॅटचा ड्रायर घरगुती इन्व्हर्टरवर चालत नाही, आणि दाट केसांचे कुत्रे अर्धवट ओले परत गेले की वास येतो, कातडीवर चट्टे उठतात.

मजकूर

विषयाच्या ओळीत पहिला शब्द जनावराचे नाव असावा. मोबाईलवर ही ओळ लवकर कापली जाते. दुकानाचे नाव पुढे घातले तर तेवढेच दिसते. वेळा दोनच द्याव्यात. ‘कधीही या’ असे लिहिले की माणूस कधीच येत नाही. चालणारा नमुना असा:

विषय: टायगर – शनिवारी आणता की रविवारी?

नमस्कार मॅडम,
टायगरची मागची आंघोळ ८ फेब्रुवारीला झाली. २२ मार्चला सहा आठवडे होतात. शनिवार २१ मार्च, दुपारी ३ किंवा रविवार २२ मार्च, सकाळी ८ या दोन वेळा त्याच्यासाठी ठेवल्या आहेत. मागच्या वेळी उजव्या पायाचे अंगठ्याचे नख वळलेले होते, ते पुन्हा पाहू. आतले मऊ केस आता सुटू लागले असतील; ते विंचरून काढतो, मुंडण करत नाही. येण्याआधी तीन तास खायला देऊ नका, पाणी चालेल. उत्तरात फक्त ‘शनि’ किंवा ‘रवि’ लिहा. मेल नको असतील तर ‘थांबवा’ लिहा.

हा मेल रविवारी १५ मार्चला जातो. उत्तर आले नाही आणि कुत्रेही आले नाही, तर मुदत उलटल्यावर दहा दिवसांनी एक छोटा मेल. तिसरा मेल पाठवू नये, फोन करावा. वेळ ठरलेल्या गिऱ्हाइकाला आदल्या संध्याकाळी एक आठवण द्यावीच. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवायला या’ म्हणतात, तसाच हा प्रकार. वर्षभर गोठ्यात असलेल्या बैलालाही सांगितल्याशिवाय बोलावत नाहीत.

सवलतीचा मोह टाळावा. मुदतीच्या मेलमध्ये १० टक्के सूट एकदा दिली, की गिऱ्हाईक पुढच्या सवलतीची वाट पाहत जटा वाढू देते, आणि जटा सोडवायला दुप्पट वेळ लागतो. त्यापेक्षा दोन भेटींच्या मधे नखे फुकट कापून द्यावीत. दहा मिनिटांचे काम आहे आणि कुत्र्याची दुकानाची भीतीही मोडते.

बिघाड

सगळ्यांत सर्रास दिसणारी चूक म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छांचा मेल सगळे पत्ते ‘टू’मध्ये घालून पाठवणे. गावातल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा पत्ता कळतो, आणि मग ‘रिप्लाय ऑल’ची रांग लागते. पत्ते ‘बीसीसी’तच घालावेत.

दुसरी गोष्ट फॉन्टची. डीटीपीच्या दुकानातून कृतिदेव किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करून आणलेला मजकूर मेलमध्ये डकवला, की समोर रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्येच हवा. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर लिहिलेला तसाच असतो.

नक्षीदार साच्यांत लिहिलेला मोठा मराठी मेल जीमेल अर्ध्यावर कापते, कारण मर्यादा सुमारे १०२ किलोबाइटची आहे आणि देवनागरीचे एक अक्षरचिन्ह युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट खाते. कापला गेलेला भाग नेमका शेवटचा, म्हणजे ‘थांबवा’ची सोय असलेला असतो. मग वैतागलेले गिऱ्हाईक ‘स्पॅम’चे बटण दाबते. साधा मजकूर, फार तर एक छोटा फोटो, एवढेच पुरे.

परत आलेल्या मेलमधला आकडा वाचावा. ५५० ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. बहुधा वहीत लिहिताना अक्षर चुकलेले असते, गिऱ्हाइकाला विचारून दुरुस्त करावे. ४ने सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरती अडचण. पेटी भरल्याचा निरोपही पुष्कळदा येतो. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून फुकट जागा १५ जीबीच असते. फोनमधले लग्नाचे व्हिडिओ तिथे चढले की मेल अडतात.

दुकानाने स्वतःच्या नावाचा डोमेन घेतला तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी (मेल खरोखर त्याच दुकानाचा आहे हे पटवणाऱ्या) ज्याच्याकडून डोमेन घेतला त्याच्याकडून लावून घ्याव्यात, नाहीतर चांगला मेलही स्पॅममध्ये पडतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने याबाबत कडक धोरण धरले आहे. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही साधा आहे: परवानगी घेऊन पत्ता वापरा, आणि परवानगी काढून घेणे देण्याइतकेच सोपे ठेवा. वहीत ‘मेल चालेल’ या शब्दांपुढे तारीख आणि सही घ्यावी.

मेल किती जणांनी उघडला, हा आकडा फसवा आहे. ॲपलने २०२१मध्ये आणलेल्या सोयीमुळे माणसाने न उघडलेला मेलही उघडल्यासारखा दिसतो. मोजायचे ते एवढेच: मुदत भरलेल्यांपैकी किती जनावरे मुदतीनंतर दोन आठवड्यांच्या आत आली. महिन्याच्या शेवटी वहीतून हाताने मोजता येते. न आलेल्यांत एकाच वस्तीतली नावे दिसली, तर बहुधा रस्ता किंवा वाराची अडचण असते; एकाच प्रकारच्या केसांची दिसली, तर मुदतच चुकीची धरली आहे.

नाव केव्हा काढावे

मे-जूनमध्ये बदल्या होतात. शिक्षक, बँकवाले, वनखात्यातले लोक दुसऱ्या गावी जातात. फोन नंबर बदलला तरी मेल तोच राहतो. अशा गिऱ्हाइकाला शेवटच्या मेलमध्ये कुत्र्याची सगळी नोंद, म्हणजे मुदत, कापणीचा आकार, कुठला शाम्पू सोसला नाही, ड्रायर चालतो की नाही, हे लिहून पाठवावे आणि नाव यादीतून काढावे. नव्या गावच्या दुकानदाराला ते कामी येते.

कुत्रे गेल्याची खबर पशुवैद्यकाकडून, शेजाऱ्याकडून किंवा बाजारात कळते. त्याच दिवशी वहीत त्या ओळीवर रेघ मारून शेड्यूल केलेला मेल रद्द करावा. ‘टायगरला आणता का?’ असा मेल टायगर गेल्यावर आठवड्याने पोचला, तर त्यावर कुठलीही माफी पुरत नाही. घरात दुसरे जनावर असेल तरी त्याचा मेल महिनाभर थांबवावा, आणि मग आधी फोन करावा.