पार्श्वभूमी : विदर्भातल्या खेड्यांत मोबाइल गेमच्या स्पर्धा कशा उभ्या राहिल्या

स्पर्धा भरवणं विदर्भातल्या खेड्याला मोबाइलने शिकवलेलं नाही. दिवाळी आटोपून धान घरात आलं की भंडारा-गोंदियाकडे मंडई, म्हणजे गावजत्रा भरते, पुढे शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती लागतात आणि पटाच्या रात्री झाडीपट्टीत नाटक असतंच. अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटाचं नाव आहे. कबड्डीचे खुले सामने आणि टेनिस बॉल क्रिकेटही गावोगावी होतात. वर्गणी कोणाकडे मागायची, पहिलं बक्षीस कोणाच्या स्मरणार्थ लावायचं, पंचाचा निकाल पटला नाही तर तंटा कसा मिटवायचा, हे गावातली पोरं मोठ्यांकडे बघूनच शिकतात. आज बीजीएमआय (पबजीची भारतासाठीची आवृत्ती) किंवा फ्री फायर मॅक्स या मोबाइलवरच्या लढाईच्या खेळांची स्पर्धा घेणाऱ्या पोरांना हे सगळं आधीपासून येतं. त्यांच्यासाठी नवीन एकच गोष्ट आहे, पण ती फार मोठी आहे. खेळाची मालकी आता गावाकडे राहिलेली नाही.

शहरात याची सुरुवात आधी झाली. सायबर कॅफेत आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या महोत्सवांत काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा खेळ चालायचा, तोही संगणक एकमेकांना केबलने जोडून, इंटरनेटशिवाय. खेड्यात तेवढे संगणकच नव्हते. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल आलं. साध्या फोनवरही चालतं म्हणून फ्री फायर त्याच्याही पुढे, पार आतल्या गावांपर्यंत गेलं.

स्पर्धेची रीत तेव्हापासून फारशी बदललेली नाही. आयोजक खेळातलं रूम कार्ड वापरून कस्टम रूम, म्हणजे फक्त आपल्या संघांसाठीचा खासगी सामना उघडतो आणि सामन्याच्या थोडं आधी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आयडी-पासवर्ड टाकतो. बीजीएमआयमध्ये साधारण चार-चार जणांचे सोळा स्क्वॉड, म्हणजे चौसष्ट खेळाडू. रूममधले पहिले दोन स्लॉट, म्हणजे संघांच्या क्रमांकाच्या जागा, बरेच जण आयोजकासाठी राखतात आणि संघांचे स्लॉट तीनपासून सुरू करतात. चुकीच्या स्लॉटवर बसणाऱ्याला रूममधून काढणं हे आयोजकाचं पहिलं काम. गुण मोजायची आता रुळलेली पद्धत अशी : पहिल्या आठ संघांना १०, ६, ५, ४, ३, २, १, १ आणि प्रत्येक फिनिशला (प्रतिस्पर्धी बाद करण्याला) एक गुण. प्रत्येक सामन्याच्या शेवटी निकालाचा स्क्रीनशॉट घेतलाच पाहिजे, तोच पंचाचा पुरावा.

खरी कसोटी लागते ती सगळ्यांना एका सभागृहात बसवल्यावर. चौसष्ट फोन एकाच टॉवरवर आले की पिंग लाल होतं, म्हणजे इंटरनेट मंदावून खेळ अडखळतो. म्हणून जाणते आयोजक संघांना वेगवेगळ्या कंपन्यांची सिम आणायला सांगतात, शक्य असेल तर वायफायची वेगळी लाइन घेतात आणि जनरेटर आधीच सांगून ठेवतात. लाइट गेली तरी फोन चालू राहतात, पण राउटर आणि प्रोजेक्टर बंद पडतात. सामना मध्येच तुटला तर पुन्हा घ्यायचा की नाही, हा नियम आधी सगळ्यांना वाचून दाखवलेला असला पाहिजे. माझ्या मते स्पर्धेची इज्जत या एका नियमावर टिकते.

बंदीचा अनुभव विदर्भातल्या आयोजकाला नवा नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती थांबवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने ती कायम ठेवली. पण तेवढी वर्षं बैल गोठ्यातच होते, मैदानही जागेवर होतं. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला भारतातली सेवाच बंद झाली. ज्यावर स्पर्धा घ्यायची ते मैदानच गेलं. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आलं, जुलै २०२२ मध्ये अ‍ॅप स्टोअरमधून काढलं गेलं, मे २०२३ मध्ये परतलं. मधल्या काळात, फेब्रुवारी २०२२ मध्ये, फ्री फायरवरही बंदी आली. राहिलं ते फ्री फायर मॅक्स. या सगळ्यात सराव केलेले संघ विखुरले, वर्गणी देणाऱ्यांचा भरवसा उडाला. ते नुकसान कोणी मोजलंच नाही, याचं वाईट वाटतं.

सरकारदरबारी मान्यता हळूहळू आली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धांत ई-स्पोर्ट्स, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धा, हा प्रदर्शनीय प्रकार होता आणि तिथे भारताच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्यपदक मिळवलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा खात्याकडे दिला.

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आहे आणि ते चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ई-स्पोर्ट्स मात्र वेगळे मानले आहेत. तिथे प्रवेश फी चालते, पण ती फक्त स्पर्धेत उतरण्यापुरती किंवा आयोजनाच्या खर्चापुरती. कामगिरीवर बक्षीस चालते, पैज मुळीच नाही. शिवाय त्या खेळाला ई-स्पोर्ट म्हणून मान्यता आणि नोंदणीही लागते.

गावाकडची जुनी पद्धत नेमकी इथे अडते. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये संघांची एन्ट्री गोळा करून त्यातूनच बक्षीस काढायची सवय आहे, आणि मोबाइल स्पर्धांनी तीच उचलली. आता आयोजकाने दोन वह्या ठेवाव्यात. एन्ट्रीतून सभागृह, जनरेटर आणि इंटरनेटचा खर्च भागवावा. बक्षिसाची रक्कम पटाला लागते तशी दात्यांकडून आणावी आणि पत्रकावर त्यांचं नाव छापावं.