टोल्युइन नेताना, ओतताना, ठेवताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून टोल्युइन (रंग, चिकट पदार्थ विरघळवणारा द्रव) नेणाऱ्यांत स्क्रीन प्रिंटिंगवाले आहेत, फर्निचरला पॉलिश मारणारे आहेत, चिकटवायचं सोल्युशन बनवणारे आहेत, मशिनचे पार्ट धुणारेही आहेत. बिलावर आम्ही ‘टोल्युइन’ लिहितो, फोनवर ते ‘टोलीन’ होतं आणि कामाच्या जागी पोचेपर्यंत नुसतं ‘थिनर’. नाव घरगुती होत जातं तसा धाकही कमी होत जातो, म्हणून हे पत्रक काढलं. मालकाने वाचून कपाटात ठेवण्यापेक्षा जो मुलगा रोज कॅन भरतो त्याला वाचून दाखवलंत तर बरं.

पेटते ती वाफ

टोल्युइन 4 अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याइतकी वाफ सोडू लागतं. पुण्यात जानेवारीतल्या पहाटेसुद्धा पारा सहसा याच्या वरच असतो. म्हणजे आपल्याकडे बाराही महिने हा माल पेटायला तयारच आहे. हवेत त्याची वाफ साधारण 1.1 ते 7.1 टक्के झाली की ठिणगीचीच वाट.

ही वाफ हवेच्या तिपटीहून जड असते. ती वर जात नाही, सांडलेल्या पाण्यासारखी जमिनीवरून सरकते, टेबलाखाली साचते, मशिनच्या खड्ड्यात आणि गटारात उतरते. कॅन एका कोपऱ्यात आणि वेल्डिंग पलीकडच्या गाळ्यात असलं तरी ती तिथवर जाऊन पेटते आणि आग उलट पावली कॅनपर्यंत येते. बहुतेक गाळ्यांत एक्झॉस्ट फॅन छताजवळ लावलेला असतो. त्याने गरम हवा जाते, टोल्युइनची वाफ खालीच राहते. हवा ओढायची ती जमिनीलगत, आणि तो पंखा फ्लेमप्रूफ मोटरचाच हवा, म्हणजे ज्याच्या आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला पेटवत नाही असा.

सकाळचा प्रसंग डोळ्यांपुढे आणा. रात्री कॅनचं झाकण नीट बसलेलं नाही, शटर बंद, खिडकी बंद. सकाळी शटर अर्धं वर करून माणूस वाकून आत शिरतो, आधी लाइट लावतो, मग गणपतीच्या फोटोपुढे उदबत्ती. उदबत्तीच्या निखाऱ्याने वाफ पेटणं तसं अवघड, पण ती लावायला जी काडी ओढतात तिला काहीच अवघड नाही. लाइटच्या बटणातही ठिणगी असते. म्हणून वास आला तर बटणाला हात लावू नका, चालू असलेलं बंदही करू नका. शटर पूर्ण वर, खिडक्या उघड्या, आणि वास जाईपर्यंत सगळे बाहेर. देव तेवढं थांबतील.

ओततानाची ठिणगी

याबाबत आम्ही स्वतः एकदा वाचलो आहोत. काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या कोरड्या सकाळी आमचा माणूस ड्रममधून वीस लिटरच्या प्लास्टिक कॅनमध्ये माल काढत होता. कॅनच्या तोंडात पत्र्याचं नरसाळं. नरसाळं उचलायला हात पुढे केला तसा बोटाला ‘टच्च’ झालं. स्वेटर काढताना होतं तेवढंच. त्या दिवशी वारा होता, दोन्ही दरवाजे उघडे होते, एवढंच आमचं नशीब.

टोल्युइनमधून वीज वाहत नाही. त्यामुळे नळीतून वाहताना, उंचावरून पडताना तयार झालेला स्थिर विजेचा भार लगेच उतरत नाही, साचत जातो. प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवलेलं धातूचं नरसाळं हा त्यातला सगळ्यात वाईट जोड, कारण नरसाळ्यावरचा भार जायला वाटच नाही. वाफ पेटायला पाव मिलिज्यूलपेक्षाही (ऊर्जेचं फार लहान माप) कमी ऊर्जा पुरते आणि बोटाला जाणवणारी ठिणगी त्याहून मोठी असते. याचा अर्थ, जी ठिणगी तुम्हाला कळलीही नाही तीसुद्धा पुरेशी आहे.

त्या दिवसापासून आमच्याकडे ओतकाम फक्त धातूच्या भांड्यात होतं. आधी ड्रमला अर्थिंग, मग ड्रम आणि कॅन यांच्यात तांब्याची वायर. चिमटे रंगावर लावून उपयोग नाही, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर लावायचे. नळीचं टोक भांड्याच्या तळाला टेकवायचं आणि टोक बुडेपर्यंत सावकाश सोडायचं. ओतणाऱ्याने सुती कपडे घालावेत, मोबाइल बाहेर ठेवावा. प्लास्टिक कॅन घेऊन येणाऱ्या ग्राहकाला आम्ही परत पाठवतो. राग येतो लोकांना, येऊ दे.

अंगात कसं जातं

वास येतो म्हणजे कळतंच की, असं बरेच जण म्हणतात. सुरुवातीला कळतं खरं, फार थोड्या वाफेचाही वास येतो. पण नाक थोड्या वेळात सरावतं आणि वास गेल्यासारखा वाटतो. वाफ असते तिथेच. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या अनुसूचीत आठ तासांच्या कामासाठी जी सरासरी मर्यादा दिली होती ती हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग. दहा फूट लांब, तितक्याच रुंद आणि उंच बंद खोलीत एवढं होण्यासाठी अवघे अडीच चमचे टोल्युइन उडालं तरी पुरतं. बोळा भिजवून एक स्क्रीन पुसली की झालंच.

डोकं जड होणं, चक्कर, मळमळ, विनाकारण चिडचिड किंवा विनाकारण हसू, दारू प्यायल्यासारखी चाल ही लक्षणं दिसली की माणसाला मोकळ्या हवेत न्या. वर्षानुवर्षं श्वासातून जात राहिलं तर स्मरण, तोल, रंग ओळखणं यांवर परिणाम होतो. मशिनच्या आवाजाच्या जोडीला टोल्युइन असेल तर बहिरेपणाची शक्यता वाढते. गरोदर बाईला या कामावर ठेवूच नका, पोटातल्या बाळाला अपाय होतो. टाकीत उतरून साफसफाई करणं हा तर वेगळाच धोका: दहा लाखांत 500 भागांनाच जिवाला तात्काळ धोका मानतात आणि बंद टाकीतली वाफ हजारोंच्या घरात असते. एक पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो आणि तोही पडतो.

‘याने कॅन्सर होतो का?’ हा प्रश्न नेहमी येतो. ज्याने रक्ताचा कॅन्सर होतो ते बेंझीन. टोल्युइन त्याचा भाऊबंद, पण कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने (आयएआरसी) त्याला तिसऱ्या गटात ठेवलंय, म्हणजे पुरावा पुरेसा नाही. मात्र हलक्या दर्जाच्या मालात थोडं बेंझीन असू शकतं. स्वस्त टोलीन कुणी देत असेल तर त्याच्याकडे टेस्ट रिपोर्ट मागा.

एन-95 मास्क धूळ अडवतो, वाफ नाही. ऑरगॅनिक व्हेपरचा कार्ट्रिज (अशी वाफ शोषणारी डबी) असलेला मास्क लागतो, आणि मास्कच्या आत वास येऊ लागला की कार्ट्रिज संपला. निळे पातळ नायट्राइलचे हातमोजे घालून लोक निर्धास्त असतात, पण टोल्युइन त्यांतून काही मिनिटांत पार होतं. व्हायटॉन या खास रबराचे हातमोजे महाग आहेत, पण टिकतात. हाताचा रंग टोलीनने काढण्याची सवय तर सोडाच. कातडीचं तेल निघून जातं, भेगा पडतात. खोबरेल चोळून साबणाने धुवा, वेळ थोडा जास्त लागतो इतकंच. संध्याकाळी घेणाऱ्यांनी हेही ऐकावं: पोटात दारू असली की शरीरातून टोल्युइन बाहेर पडायला उशीर लागतो.

पाण्याच्या बाटलीत टोल्युइन कधीही भरू नका, मग वरून कितीही मोठ्या अक्षरांत लिहा. चुकून कुणी प्यायलं तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी नाही, दूध नाही. उलटीबरोबर फुप्फुसात गेलेले चार थेंब पोटातल्या घोटभरापेक्षा घातक ठरतात. 108 ला फोन करा आणि डब्यावरचं लेबल दवाखान्यात सोबत न्या. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा.

सांडलं किंवा पेटलं तर

सांडलेल्यावर कोरडी वाळू टाका आणि ती झाकणाच्या लोखंडी डब्यात भरून बाहेर ठेवा. बोळेही त्यातच. गटारात एक थेंबही नको. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात 22 एप्रिल 1992 रोजी गटारात मुरलेलं पेट्रोल फुटलं, रस्तेच्या रस्ते उखडले गेले आणि दोनशेहून अधिक माणसं गेली.

आगीवर पाणी मारू नका. टोल्युइन पाण्यावर तरंगतं, आग पाण्याबरोबर वाहत जाते. ड्राय पावडर, कार्बन डायऑक्साइड किंवा फोम वापरा. आग विझवायचा सिलिंडर मालाच्या शेजारी न टांगता दाराशी टांगा. एका सिलिंडरात आटोक्यात आली नाही तर बाहेर पडा आणि 101 लावा.

परवाना

टोल्युइन कायद्याने ‘अ’ वर्गाचं पेट्रोलियम आहे. विक्रीसाठी नसलेला माल एकूण 30 लिटरपर्यंत विनापरवाना ठेवता येतो, तोही 25 लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या डब्यांत. त्यापुढे नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’चे (पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था) नियम लागू होतात. म्हणून 200 लिटरचा ड्रम मागणाऱ्याकडे आम्ही आधी कागद मागतो. सुटं, छोट्या बाटलीत आणि मुलांच्या हाती आम्ही देतच नाही. का, ते सांगायला नको.

रिकामा ड्रम

भरलेल्या ड्रमला लोक जपतात. रिकामा झाला की त्याचं स्टूल होतं, कचऱ्याचा पिंप होतो, नाहीतर कटरने कापून पाण्याची टाकी. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये दोन चमचे टोल्युइन राहिलं आणि उडालं की आतली हवा स्फोट होण्याजोगी होते. पेट्रोलच्या बंद टाकीत वाफ सहसा इतकी दाट असते की ती आत पेटत नाही. टोल्युइनचं तसं नाही. आपल्याकडच्या तिशीच्या तापमानाला बंद ड्रममधली त्याची वाफ पाच टक्क्यांच्या आसपास असते, नेमकी पेटण्याच्या मर्यादेत. ग्राइंडरची एक ठिणगी, वेल्डिंगचा एक टाका, आणि ड्रमचं झाकण छत फोडून जातं. पाण्याने एकदा विसळून हे जात नाही.

उन्हात ठेवून फुगलेला ड्रम असेल तर आधी सावलीत येऊ द्या, मग पितळी पान्याने लहान बुच हळूहळू सैल करा. रिकामे ड्रम दोन्ही बुचं घट्ट लावून आम्हाला परत करा, पुढच्या बिलात वजा करतो. पाण्यासाठी मागायला येणाऱ्यांना आम्ही कितीही धुतलेला ड्रम देत नाही. तुम्हीही देऊ नका.