अडकून सुटणारा पीसी आणि थिजून बसणारा पीसी

घरचा पीसी मधूनच हँग होतो असं कुणी म्हटलं की पुढचा सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मार, नाहीतर रॅम वाढव. दुकानात हेच सांगतात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हेच आणि हिंजवडीत नोकरी करणारा भाचाही हेच. या सल्ल्यापायी पैसे आणि शनिवार-रविवार घालवलेली इतकी माणसं पाहिली आहेत की आता एकदा नीट लिहूनच काढतो. पीसी अडकून पुन्हा सुटणं हा एक प्रकार आणि पीसी जागच्या जागी थिजणं हा दुसरा. दोन्हींची कारणं वेगळी, तपासणी वेगळी, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर नुकसानही होऊ शकतं.

पहिला प्रकार तुमच्या ओळखीचा आहे. चार जीबी रॅम, क्रोममध्ये ढीगभर टॅब, मागे अँटिव्हायरस चाललेला, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के. थोडा वेळ सगळं ठप्प होतं, मग आधी केलेले सगळे क्लिक एकदम लागू होतात. इथे रॅम वाढवून खरंच फरक पडतो. विंडोज १० किंवा ११ अजून फिरत्या हार्ड डिस्कवर चालवत असाल तर बाकी काहीही करायच्या आधी एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका. याहून जास्त या प्रकारावर लिहायची गरज नाही.

गोंधळ होतो तो दोन्ही प्रकार पहिल्या मिनिटाला अगदी सारखे दिसतात म्हणून. त्या मिनिटात माणूस घाबरून पॉवर बटण दाबून धरतो आणि हातातला सगळ्यात चांगला पुरावा घालवतो. तसं करू नका. कीबोर्डवर कॅप्स लॉक दाबा आणि त्याचा दिवा बघा.

तो दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही. तुम्ही कळ दाबली की कीबोर्ड फक्त तेवढंच कळवतो. दिवा लावायचा की विझवायचा हे विंडोज ठरवतं आणि तसा हुकूम कीबोर्डला परत पाठवतं. म्हणजे दिवा बदलला तर आत कुणीतरी जागं आहे: प्रोसेसर चालू आहे, विंडोजचा गाभा चालू आहे, अडलंय ते दुसरीकडे. दिवा ढिम्म हलला नाही, तर पीसी थिजलाय. वायरलेस कीबोर्डला बहुधा दिवाच नसतो, म्हणून घरात एखादा जुना वायरचा कीबोर्ड ठेवाच.

दुसरी खूण आवाजाची. गाणं चालू असताना पीसी थिजला तर स्पीकरमधून एकच तुकडा घर्रर्र करत सलग वाजत राहतो. आवाजाचा थोडासा भाग मेमरीत एका गोल रांगेत ठेवलेला असतो आणि साउंडचं हार्डवेअर तो प्रोसेसरला न विचारता वाचत जातं. प्रोसेसर नवा भाग भरायचा थांबला, की तोच जुना तुकडा पुन्हा पुन्हा वाजतो. हा घर्रर्र आवाज सुटायचं नाव घेत नसेल तर टास्क मॅनेजर उघडेल म्हणून वाट बघत बसू नका.

आता सगळ्यात फसवा प्रकार. माऊसचा बाण छान फिरतोय, कॅप्स लॉकचा दिवा लागतोय, पण काहीच उघडत नाही. घड्याळ पुढे सरकतं, उघडी विंडो हलवता येते, स्टार्टवर क्लिक केलं की मात्र सगळं गप्प. लोक याला थिजणं समजतात आणि रॅम बदलतात. हे डिस्कचं काम आहे. जे आधीच मेमरीत आहे ते चालतं. ज्याला डिस्कवरून एक ओळ जरी वाचायची आहे ते उत्तराची वाट बघत उभं राहतं. खराब सेक्टर (डिस्कवरचा माहितीचा छोटा कप्पा) लागला की घरगुती हार्ड डिस्क तोच तो सेक्टर कितीतरी वेळ वाचायचा प्रयत्न करत राहते. नॅससाठी (नेटवर्कवर जोडलेल्या, बऱ्याच डिस्कच्या साठवणुकीच्या पेटीसाठी) बनवलेल्या डिस्क मुद्दाम साधारण ७ सेकंदांत नाद सोडतात, कारण तिथे दुसऱ्या डिस्कवर तीच माहिती असते. एसएसडीही अशी गप्प होऊ शकते. क्रूशलच्या एम४ या एसएसडीत एकूण ५,१८४ तास वापर झाला की ती उत्तर देणंच थांबवायची. पीसी पुन्हा सुरू केला की तासभर चालायची आणि परत तेच. २०१२ च्या जानेवारीत फर्मवेअरची (एसएसडीच्या आतल्या प्रोग्रॅमची) नवी आवृत्ती आली आणि दोष गेला. तेव्हा फॉरमॅट मारून कुणाचाही काही उपयोग झाला नसता.

डिस्कमुळे अडकलेला पीसी मागे खुणा सोडतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिम लॉग, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडा. ७ क्रमांक म्हणजे खराब ब्लॉक, १५३ म्हणजे वाचन पुन्हा करावं लागलं, १२९ म्हणजे डिस्कने उत्तर दिलं नाही म्हणून विंडोजने तिला रीसेट केलं. मग डिस्कची तब्येत दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवा आणि सी५ ची ओळ बघा, म्हणजे वाचता न आलेले पेंडिंग सेक्टर. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, आणि यूपीएसची बॅटरी बसलेली असेल तर लिहिता लिहिता डिस्क बंद पडून असा एखादा सेक्टर तयार होऊ शकतो. त्याच यादीतली सी७ ची ओळ, म्हणजे केबलवरून माहिती नेताना झालेल्या चुका, वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी साटा केबल बदला. तपकीर गल्लीत ती किरकोळ किमतीत मिळते.

खरोखर थिजलेला पीसी मात्र लॉगमध्ये काहीच लिहीत नाही, लिहिणाराच थिजलेला असतो. पुढच्या वेळी सुरू झाल्यावर फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं, आणि इथे माझा संयम सुटतो. त्यातला ‘पॉवर’ शब्द वाचून लोक थेट नवा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणतात. ४१ चा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी पीसी रीतसर बंद झाला नव्हता. तुम्ही बटण दाबून धरून बंद केलात तरी हीच नोंद होते. एसएमपीएस अशक्त असेल तर पीसी बहुतेकदा धाडकन बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो, आणि तेही गेमसारखा भार पडल्यावर. तापण्याचंही तसंच: प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो, तरीही निवला नाही तर बंद होतो. पंख्यातली धूळ जरूर काढा, पण रिकामा बसलेला पीसी थिजत असेल तर उष्णतेकडे सगळ्यात शेवटी बघा.

चित्र थिजलं पण गाणं पुढे चाललंय, तर ग्राफिक्सकडे बघा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा. ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि बऱ्याचदा चित्र परत येतं.

आता रॅम. कमी असणं आणि खराब असणं या दोन गोष्टी लोक सर्रास एक करतात. रॅम कमी असेल तर पीसी अडकतो आणि सुटतो. रॅम खराब असेल तर थिजतो, निळा स्क्रीन येतो, आज एक प्रोग्रॅम पडतो तर उद्या दुसराच. खराब पट्टीशेजारी नवी पट्टी लावून खराब पट्टी सुधारत नाही. उलट दोन वेगळ्या वेगाच्या पट्ट्या जमल्या नाहीत तर चांगला पीसीही थिजायला लागतो. आधी बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम वाढीव वेगाने चालवायची सोय, बंद करून बघा, बरेच पीसी एवढ्यानेच शांत होतात. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घालून रात्रभर चारही फेऱ्या होऊ द्या. एकही चूक चालत नाही. दोष सापडला तर एकेक पट्टी काढून परत तपासा. विंडोजमधल्या मेमरी तपासणीवर माझा विश्वास नाही. तिला न सापडलेले दोष मेमटेस्टमध्ये निघालेले पाहिले आहेत.

रॅम निर्दोष निघाली तर डिस्कची केबल काढा आणि विंडोजऐवजी उबुंटू पेनड्राइव्हवरून चालवा. तिथेही थिजला तर विंडोज आणि डिस्क दोन्ही संशयातून सुटले. मग मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस. तिथे नीट चालला तर ड्रायव्हर आणि डिस्क संशयित. मात्र पुरेसा वेळ द्या. दोन दिवसांतून एकदा थिजणारा पीसी संध्याकाळभर चालला, यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि एका वेळी एकच बदल करा. दुकानात रॅम, प्रोसेसरवरची पेस्ट आणि विंडोज एका दमात बदलून देतात. पीसी सुधारला तरी कशाने सुधारला हे कळत नाही, आणि पैसे तिन्हींचे जातात.

डेटाचा हिशोबही दोन्हींकडे निराळा. थिजणाऱ्या पीसीतली डिस्क बहुधा ठणठणीत असते, पण खराब रॅमवर विंडोज नव्याने टाकलंत तर फाइली चुकीच्या लिहिल्या जाऊ शकतात, म्हणून फॉरमॅट नको. अडकणाऱ्या पीसीत सी५ शून्याच्या वर असेल तर तिथेच थांबा. विंडोजच्या चेकडिस्कची पूर्ण तपासणीही लावू नका, ती मरणाऱ्या डिस्कचा कानाकोपरा वाचायला लावते. आधी फोटो, टॅलीचा डेटा, मुलांची प्रोजेक्ट बाहेरच्या डिस्कवर घ्या, सगळ्यात महत्त्वाचं सगळ्यात आधी, आणि कॉपी झालेल्या फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघितल्याशिवाय जुन्या डिस्कला पुन्हा हात लावू नका.