सिग्नेचर स्पायडर कुणाचं नाव लिहीत नाही हो

पावसाळ्यात हा फॉरवर्ड येतोच, की सिग्नेचर स्पायडरने जाळ्यात तुमचं नाव लिहिलं की तुम्ही गेलात. अहो, नाव कसलं! परवा मुंबईच्या आरे कॉलनीत बघितला, पोटावर पिवळे पट्टे, पाय दोन-दोन जोडून फुलीसारखा उलटा लटकलेला (मोठी दिसते ती मादी, नर एवढुस्सा) आणि जाळ्यात पांढऱ्या रेशमाची झिगझॅग, अगदी डॉक्टरची सही, म्हणून हे नाव. ही झिगझॅग किडे ओढायला की पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून, यावर अभ्यासकांचंच एकमत नाही. आणि हे एका जातीचं नाव पण नाही, आर्जिओपी या गटातल्या (जीनस) बऱ्याच कोळ्यांना म्हणतात. बोरिवलीच्या नॅशनल पार्कात सोनेरी जाळ्यातल्या जायंट वूड स्पायडरलाही लोक हेच चिकटवतात, तो वेगळा. विष माणसाला धोक्याचं नाही, दाबलात तर चावेल, थोडं दुखेल, बस.